सातव्या रात्रीचं पाणी

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे.

मला गोष्टी रचता येत नाहीत. रचता आल्या असत्या तर शाळा सोडताना बापाला पटेल असं काहीतरी सांगितलं असतं आणि तो मार वाचला असता. मी गाडी चालवतो. कोवा फुंदा ते बंदर, बंदर ते कोवा फुंदा. बारा माणसांची गाडी. त्यात अठरा माणसं आणि दोन बकऱ्या.

गुरुवार, नऊ ऑक्टोबर दोन हजार चौदा. सांतु आंताँव बेट, कोवा फुंदा गाव, माझ्या बहिणीचं घर.

त्या रात्री घरात मोठी अकरा माणसं होती. त्यातली नऊ अजून जिवंत आहेत. कुणालाही विचारा, मी सांगतो तेच सांगतील. फक्त मेणबत्तीचा भाग सांगणार नाहीत. तो त्यांना माहीतच नाही.

तो आज पहिल्यांदा सांगतोय.

माझी बहीण झुल्मिरा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि साठ वर्षांनी शहाणी, असं ती स्वतःच सांगते. नवरा वालदिर तेव्हाही रॉटरडॅमला, बोटीवर. वर्षातून एकदा यायचा, चॉकलेट आणायचा, आणि कधीकधी पुढच्या वर्षी बाप व्हायचा.

त्या रात्रीच्या चार वर्षं आधी तिला पहिली मुलगी झाली होती.

तेव्हा पावसाने रस्ता वाहून गेला. फादर पलीकडे अडकला. आमच्याकडे जीव धोक्यात असलेल्या लेकराला कुणीही बाप्तिस्म्याचं पाणी देऊ शकतं. सुईण, शेजारी, अगदी मीसुद्धा. पण पोर गुटगुटीत होती. आमच्या गावची सुईण टोमासिया मावशी म्हणाली, "घाई कशाला? फादर येऊ दे, नीट करू."

सहाव्या दिवशी सकाळी पोर दूध प्यायली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नाही.

पाण्याविना गेलेल्या लेकराला दफनभूमीच्या आत जागा नसते, असं आमची जुनी माणसं मानतात. तिला मागच्या भिंतीबाहेर पुरलं. दगडावर नाव नाही. पाणी पडेपर्यंत लेकराचं नाव उच्चारायचं नसतं. आई ते पोटात ठेवते. झुल्मिराने ठेवलं, ते तिथंच राहिलं.

म्हणून दुसऱ्या वेळी कुणी काहीच बाकी ठेवलं नाही.

चर्चमध्ये सुखप्रसूतीच्या माउलीची मूर्ती आहे. तिच्या उंचीएवढी निळी फीत कापून झुल्मिराने नऊ महिने पोटाला गुंडाळली. मावशीने उशीखाली कात्री ठेवली, उघडी, क्रुसासारखी. बापाचा घातलेला सदरा बाळावर पांघरायचा असतो. वालदिरचे सगळे सदरे रॉटरडॅमला. मग माझी फुटबॉलची जर्सी पांघरली.

"धुतलेली नाही ना?" मावशीने विचारलं.

"मावशी, ही जर्सी कधीच धुतलेली नाही."

"बरंय. कुठलंही भूत लांबूनच पळेल."

बाळाला सहा दिवस झाले. मुलगीच. आता राहिली होती सातवी रात्र.

सातवीला घेऊन जाणाऱ्या येतात. त्यांना चेटकिणी म्हणा, सावल्या म्हणा. पहाटेपर्यंत त्यांच्यापासून बाळाचं डोकं राखायचं. दार बंद. आत गाणी, सारंगी, कोंबडीची पेज, उसाची दारू. आणि ठीक बाराला धर्मबापाने बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचं आणि त्याचं नाव पहिल्यांदा मोठ्याने घ्यायचं.

धर्मबापाला आम्ही पाद्रिनु म्हणतो. पाद्रिनु मी होतो.

पाद्रिनुने त्या रात्री एकच वस्तू आणायची असते. दोन फेब्रुवारीला, माउलीच्या सणाला, फादर मेणबत्त्या आशीर्वादून देतो, त्यातली एक. तिचा उजेड असला की सावली खोलीत शिरत नाही. झुल्मिराने ती मेणबत्ती फेब्रुवारीतच माझ्याकडे दिली होती.

"जपून ठेव, दिरितो."

"जिवासारखी."

सप्टेंबरमध्ये एकदा वीज गेली. आम्ही चौघं पत्ते खेळत होतो. माझा हात चांगला लागला होता. फार चांगला.

मी मेणबत्ती लावली.

डाव जिंकलो. मेणबत्ती बोटभर उरली.

मग मी काय केलं? उसाचं एक कांडं तासलं. त्याला पांढरा कागद गुंडाळला, वर मेणाचं बोटभर थोटूक बसवलं. लांबून बघाल तर वीतभर सुंदर मेणबत्ती. मीच फसलो असतो. मनात म्हटलं, वीज असेलच की.

त्या रात्री दहाला वीज गेली.

"लाव रे तुझी मेणबत्ती," टोमासिया मावशी म्हणाली.

लावली. बाळाच्या पलंगाशेजारी, डब्यातल्या वाळूत खोचली. इव्हानिल्दा, म्हणजे झुल्मिराची मैत्रीण आणि बाळाची धर्ममाता, मला न्याहाळत होती. शाळेत शिकवते. तिची नजर तशीच आहे, गृहपाठ न केलेल्या पोराला बरोबर हुडकते.

"घाम का फुटलाय तुला?"

"पेज गरम आहे."

"तू अजून घेतलेली नाहीस."

मोबाईल सगळ्यांकडे होते. पण मावशीने ते पिठाच्या डब्यात कोंबले होते. सातवीला बाहेरून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, आणि फोन ही बाहेरून आलेली हाकच, असं तिचं म्हणणं. अधूनमधून डबा गुरगुरायचा.

आर्लिंदोकाका सारंगी वाजवत होता. पाऊण बाटली पोटात, तरी सूर पक्का.

साडेअकरा झाले.

आणि बाहेरचा कुत्रा भुंकायचा थांबला...

हळूहळू नाही. मध्येच. भुंकणं अर्धं तोडून.

आर्लिंदोकाकाची एक तार तुटली.

"जुनी होती," तो म्हणाला.

"कालच बसवलीस ना?" इव्हानिल्दा म्हणाली.

"मग नवी होती."

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

बाळाच्या रडण्याचा.

घराच्या मागून. दफनभूमीकडून येणारी वाट आहे, तिकडून. रडणं साधंच. दोन-तीन टाहो, मग उचकी. पुन्हा टाहो. पुन्हा उचकी.

सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं. आपलं बाळ जर्सीखाली गाढ झोपलेलं.

"कान देऊ नका," टोमासिया मावशी म्हणाली. "गा. मोठ्याने गा. बाहेर रडतं ते आपलं नाही."

झुल्मिरा पलंगावर बसून खिडकीकडे बघत होती.

"कशावरून?" ती म्हणाली.

मावशीने उखळात मुसळ घातलं आणि रिकामंच कांडायला लागली. आम्ही गायला लागलो. काय गायलो, आठवत नाही. मी बहुतेक राष्ट्रगीत गायलो.

रडणं मागच्या भिंतीपाशी आलं...

मग दारापाशी...

मग थांबलं.

बाराला दोन मिनिटं कमी होती. मेणबत्तीचं मेण नखाएवढं उरलं होतं. ते फक्त मला माहीत होतं.

झुल्मिराने मला जवळ बोलावलं. कानात नाव सांगितलं. तिचा श्वास गरम होता.

"जेनोवेवा. तेवढंच आहे माझ्याकडे. नीट घे."

मी डाव्या हाताने बाळाचं डोकं धरायचं होतं, उजव्या हातात पाण्याचा पेला. इव्हानिल्दाने बाळाला उचलून माझ्यासमोर धरायचं. मी पेला उचलला.

आणि मेण संपलं.

ज्योत उसाला टेकली. चर्रर्र असा आवाज झाला. भाजक्या उसाचा वास आला, छान गोड.

काळोख.

"कोणी हलायचं नाही!" मावशी ओरडली. "दिरितो, पेला उचललाय ना? खाली ठेवू नकोस. उचललेलं पाणी परत ठेवायचं नसतं. घाल!"

"दिसत नाही, मावशी!"

"डोकं चाचप आणि घाल!"

माझ्यासमोर बाळ रडायला लागलं. अगदी समोर. मला वाटलं, इव्हानिल्दाने धरलंय. मी डावा हात पुढे केला.

हातात डोकं आलं.

एवढंसं. पूर्ण भरलेलं, वजन असलेलं डोकं. मऊ टाळू. टाळूखाली ठोके लागतात ना, ते शोधत होतो...

डोकं गार होतं. ओल्या मातीसारखं गार.

मी पाणी ओतलं.

"जेनोवेवा, मी तुझा बाप्तिस्मा करतो. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

रडणं थांबलं. एक उचकी आली.

मग दमलेलं लेकरू खांद्यावर पडून सोडतं, तसा लांब सुस्कारा.

हातातलं वजन नाहीसं झालं.

आर्लिंदोकाकाने लायटर पेटवला.

इव्हानिल्दा माझ्यापासून पाच पावलांवर, कपाटाला चिकटून उभी होती. तिचे दोन्ही हात रिकामे.

"तू कुणाला पाणी घातलंस?" तिने विचारलं.

"तू धरलंस त्याला."

"मी कुणालाच धरलं नाही. काळोखात मला पलंगच सापडला नाही."

आम्ही पलंगाकडे पाहिलं. बाळ जर्सीखाली, होतं तिथंच. मावशीने टोपडं काढलं. जावळ कोरडं ठणठणीत.

मी पेला बघितला. रिकामा. जमीन बघितली. कोरडी. माझ्या चपलासुद्धा कोरड्या. पेलाभर पाणी गेलं कुठं, ते कुणाला सांगता आलं नाही. तेव्हा तरी नाही.

"रडताना उचकी देत होती ना?" झुल्मिरा म्हणाली.

"हो."

"तीच. तिलाच तशी उचकी लागायची." तिचा आवाज अगदी शांत होता. "पाणी मिळालं तिला?"

"सगळं," मी म्हणालो.

"आणि नाव?"

"तेही."

ती हसली. त्या खोलीत त्या वेळी हसणारी ती एकटीच होती. मला ते हसू अजून आठवतं आणि अजून आवडत नाही.

"बाई गं," मावशी म्हणाली, "तिचं बरं झालं, पण हिचं काय?"

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. एवढ्या गोंधळात बाळ जागं झालेलं नव्हतं.

मावशीने तळव्याला टिचकी मारली. काही नाही. चिमटा काढला. काही नाही. लायटर तोंडाजवळ आणला. ओठ निळसर दिसत होते. ज्योत नाकाखाली जेमतेम हलत होती.

"पाणी!" मावशी किंचाळली. "मागच्या वेळी मी थांबले होते. आता एक क्षण थांबणार नाही. दिरितो, घाल!"

इव्हानिल्दाने पेजेच्या वाटीत पाणी आणलं. मी वाटी उचलली.

"नाव?"

"जेनोवेवा दिलं," झुल्मिरा म्हणाली.

"अगं ते गेलं! दुसरं सांग!"

"दुसरं नाही माझ्याकडे."

"कुठलंही सांग!"

बाळाची छाती हलताना दिसेना. आर्लिंदोकाकाचं बोट भाजत होतं, तो लायटर या हातातून त्या हातात घेत होता. माझ्या डोक्यात नावच येईना. जगात बायकांची इतकी नावं आहेत. एकही नाही.

डोळ्यांपुढे फक्त माझ्या गाडीची पुढची काच आली. वर लाल अक्षरात रंगवलंय ते.

"बोआ व्हियाजें," मी ओरडलो, "मी तुझा बाप्तिस्मा करतो..."

म्हणजे, शुभ प्रवास.

पाणी पडलं. बाळाने डोळे उघडले, श्वास ओढला आणि असा टाहो फोडला, की पिठाच्या डब्यातला फोनसुद्धा गप्प झाला. मग ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने बडवलं. झाकणं, पातेली, मुसळ. उजाडेपर्यंत बडवत होतो.

उजाडल्यावर मी उसाचं कांडं खिशात घालून बाहेर नेलं आणि उतारावर फेकलं. बकरीने ते कागदासकट खाल्लं. पुरावा संपला.

मागच्या दाराशी मातीत काही उमटलंय का, ते मी बघितलं नाही. मी धाडसी माणूस नाही.

फादरने नाव लिहून घेताना चष्मा वर केला.

"बोआ व्हियाजें?"

"शुभ प्रवासाची माउली आहे ना, फादर? तिच्यावरून."

"तिच्यावरून, की तुझ्या गाडीवरून?"

"गाडी तिच्यावरून."

"पाणी एकदाच दिलंस ना?"

"या बाळाला एकदाच."

त्याने चष्मा खाली केला आणि लिहिलं. शहाणा माणूस.

बोआ वाढली. टगी निघाली. आमच्याकडे पोरं पाद्रिनु दिसला की हात पुढे करतात, "आशीर्वाद, पाद्रिनु!" आपण हात द्यायचा आणि म्हणायचं, "देव तुला मोठी करो." नाकारायचं नाही. धर्मलेकराला आशीर्वाद नाकारणं हे मोठं पाप, मग तुम्ही जेवत असा, भांडत असा की मोरीत असा. बोआने मला तिन्ही ठिकाणी गाठलंय.

दोन हजार अठरामध्ये झुल्मिरा तिला घेऊन रॉटरडॅमला गेली. जाताना तिने ती निळी फीत मला दिली. मी घरात दाराशेजारच्या भिंतीवर खिळ्याला लावली. खालचं टोक बरोबर जमिनीला टेकतं, वरचं माझ्या कमरेच्या थोडं वर येतं. माउलीची उंची.

त्याच वर्षी, नऊ ऑक्टोबरला, भर दुपारी मी दारात बसून गाडीचा आरसा पुसत होतो. ऊन कडक. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मागून आवाज आला...

"आशीर्वाद, पाद्रिनु."

सवय वाईट. मी न वळताच हात मागे केला. "देव तुला मोठी करो."

बोटांना काहीतरी टेकलं. गार.

मग आठवलं, बोआ रॉटरडॅमला आहे.

मागे कुणी नव्हतं. भिंतीवर मात्र, फितीच्या शेजारी, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, ओल होती. गोल, टोपडं घातल्यावर दिसतं तेवढी. पोरांची उंची मोजताना त्यांना भिंतीला पाठ लावून उभं करतात ना, तसं ओलं डोकं टेकवून कुणी उभं राहिल्यासारखी.

तेव्हा मला कळलं, पाणी कुठं गेलं होतं.

झुल्मिराला फोन केला. वाटलं, घाबरेल.

"किती झाली?" तिने विचारलं.

"काय किती झाली?"

"उंच रे!"

तेव्हापासून दर नऊ ऑक्टोबरला ती फोन करते. एका वर्षी मी म्हणालो, "फितीला चार बोटं कमी."

"जेवते का?"

"मला काय माहीत! मी काय वाढतो तिला?"

"मग वाढत जा की. पाद्रिनु ना तू? नुसता आशीर्वाद देऊन पोट भरतं होय?"

म्हणून मी दारात पेजेची वाटी ठेवतो. सकाळी पेज तशीच असते, वर साय धरलेली. शेजारी कोरडा ठेवलेला चमचा ओला असतो.

टोमासिया मावशीला विचारायचं होतं, 'देव तुला मोठी करो' हे किती वर्षं म्हणायचं असतं. ती गेल्या वर्षी गेली. तिच्यामागोमाग आर्लिंदोकाका. जाण्याआधी मावशीने मला बोलावून एवढंच विचारलं होतं, "दिरितो, त्या रात्री उसाचा वास कुठून आला रे?"

मी म्हणालो, "काकाच्या तोंडाचा."

मेणबत्तीनंतरचं हे दुसरं पाप.

या नऊ ऑक्टोबरला भिंतीवरची ओल फितीच्या वर होती. एक बोट.

झुल्मिरा फोनवर आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "मग फीत लांब कर."

फीत कशी लांब करणार? ती माउलीच्या उंचीची आहे. त्यापुढे आमच्याकडे माप नाही.

तरी हे सगळं ठीक होतं. वर्षातून एकदा. सवय होते माणसाला.

पण आज नऊ ऑक्टोबर नाही...

आज जानेवारीतला साधा मंगळवार आहे. दुपारचे तीन वाजलेत. मी टेबलाशी बसून हे लिहीत होतो, पाठ भिंतीकडे. मेणबत्तीपासून फितीपर्यंत सगळं लिहून झालं, आणि मागून आवाज आला...

"आशीर्वाद, पाद्रिनु."

आता तो खालून येत नाही. मी बसलोय, आणि तो माझ्या कानापाशी येतोय.

डावा हात मी मागे केलाय. सवय वाईट. त्यावर गार बोटं आहेत. एवढीशी नाहीत.

मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच अडखळलो. नाही म्हटलं तर पाप. हो म्हटलं, तर आणखी मोठी होईल.

हे उजव्या हाताने लिहितोय.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि ती अजून गेलेली नाही.